अनअटेंडेड-अपग्रेड्स: थांबते योग्य ठिकाणी, सांगत मात्र नाही

डेबियन आणि उबंटू या लिनक्स प्रणालींवर सुरक्षा अपडेट माणसाच्या देखरेखीविना बसवण्याचे काम ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पायथॉनमध्ये लिहिलेले साधन करते. उबंटूमध्ये १६.०४ या आवृत्तीपासून ते मूळ स्थितीतच चालू असते. त्यामुळे ते वापरणाऱ्या पुष्कळ लोकांनी ते कधी निवडलेले नसते आणि ते अडून बसले की मगच त्यांना त्याच्या अस्तित्वाची जाणीव होते. सर्व काही सुरळीत असताना हे साधन कसे चालते याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. ते चालते, आणि चांगले चालते. या परीक्षणात मी ते वेगळ्या कसोटीवर पाहिले आहे. दोन पॅकेजांच्या (म्हणजे एकत्र बसवल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर संचांच्या) मागण्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या की हे साधन काय करते, काय करायचे टाळते, आणि जे घडले ते यंत्र सांभाळणाऱ्यापर्यंत कितपत पोहोचवते, हे तीन प्रश्न माझ्यासमोर होते. पहिल्या दोन प्रश्नांवर हे साधन भरवशाचे ठरते. तिसऱ्या प्रश्नावर त्याची मूळ मांडणी इतकी कमी पडते की ती बदलल्याशिवाय ते कोणत्याही सर्व्हरवर सोडून द्यावे असे मला वाटत नाही.

त्याची रचना थोडक्यात अशी आहे. सिस्टमडी या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचे दोन टायमर असतात: पहिला पॅकेजांच्या याद्या ताज्या करतो, दुसरा प्रत्यक्ष अपडेट बसवतो. दुसऱ्याची वेळ मुळात सकाळी ६ची असते आणि तिच्यात तासाभरापर्यंतचा यादृच्छिक विलंब मिसळलेला असतो, म्हणजे जगभरातील यंत्रे एकाच क्षणी रेपॉझिटरीवर (पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारावर) तुटून पडत नाहीत. वेळ झाली की साधन उपलब्ध नव्या आवृत्त्या पाहते, त्यांतल्या कोणत्या आवृत्त्या परवानगी दिलेल्या उगमांकडून आल्या आहेत ते तपासते, आणि त्याच तेवढ्या पुढे नेते. उबंटूच्या मूळ मांडणीत सुरक्षा विभाग परवानगीच्या यादीत असतो, पण सर्वसाधारण अपडेटचा विभाग बंद ठेवलेला असतो. बाहेरच्या कंपन्यांच्या आणि व्यक्तींच्या रेपॉझिटऱ्या तर या यादीत मुळीच नसतात. आपण जोडलेल्या तिसऱ्या पक्षाच्या रेपॉझिटरीतील पॅकेजेसुद्धा आपोआप ताजी होत असतील, असे गृहीत धरणाऱ्यांनी हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा.

या साधनाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचा संयम. एखादे अपडेट बसवण्यासाठी यंत्रावरचे दुसरे पॅकेज काढून टाकावे लागणार असेल, तर ते अपडेट हे साधन बसवतच नाही. लॉगमध्ये ‘अमुक पॅकेज काढण्यासाठी खूण केले गेले आहे’ अशा अर्थाची नोंद करून ते पॅकेज बाजूला ठेवते आणि उरलेल्यांकडे वळते. हा निर्णय किती मोलाचा आहे हे समजण्यासाठी २०२१ मधील पॉप ओएसचे प्रकरण आठवावे. त्या प्रणालीवर स्टीम हे खेळांचे ॲप बसवताना पॅकेजांच्या आवृत्त्यांमध्ये निर्माण झालेल्या विसंगतीमुळे ॲप्टने (डेबियन कुळातील पॅकेजे शोधून बसवणाऱ्या मुख्य साधनाने) संपूर्ण डेस्कटॉप काढून टाकण्याचा तोडगा सुचवला होता, आणि समोर आलेला इशारा ओलांडून पुढे गेल्यावर डेस्कटॉप खरोखरच नाहीसा झाला होता. त्यानंतर ॲप्टच्या विकसकांनी अत्यावश्यक पॅकेजे अशा रीतीने काढणे अधिक अवघड केले. तेथे निदान माणूस तरी पडद्यासमोर होता. पहाटे कोणी जागे नसताना असा तोडगा स्वीकारणारे साधन कोणालाच चालले नसते.

दुसरा गुण म्हणजे लहान पावलांनी जाण्याची पद्धत. ‘मिनिमलस्टेप्स’ ही सोय मूळ स्थितीत चालू असते. तिच्यामुळे एकमेकांवर अवलंबून असलेल्या पॅकेजांचे शक्य तेवढे छोटे गट केले जातात आणि प्रत्येक गट स्वतंत्रपणे बसवला जातो. मध्येच यंत्र बंद करण्याची वेळ आली तर चालू गट पूर्ण करून थांबता येते. सगळी पॅकेजे एका दमात बसवण्यापेक्षा याला वेळ अधिक लागतो, पण अर्धवट अवस्थेत अडकण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, आणि न बघता चालणाऱ्या कामात वेळेपेक्षा ही खात्री महत्त्वाची असते.

आता मुख्य विषयाकडे येतो. डेबियन कुळातील प्रत्येक पॅकेज आपल्यासोबत काही अटी घेऊन येते. मला काय लागते हे ‘डिपेंड्स’ या नोंदीत असते, मी कोणासोबत एकाच यंत्रावर नांदू शकत नाही हे ‘कॉन्फ्लिक्ट्स’मध्ये, माझ्या येण्याने कोणाची कोणती जुनी आवृत्ती मोडते हे ‘ब्रेक्स’मध्ये, आणि कोणाच्या फायली माझ्याकडे आल्या आहेत हे ‘रिप्लेसेस’मध्ये लिहिलेले असते. हजारो पॅकेजांच्या या अटी एकाच वेळी पाळणारा संच शोधणे हा गणिताच्या दृष्टीने एनपी-कम्प्लीट (सर्व प्रसंगी झटपट सोडवण्याची रीत माहीत नसलेल्या) वर्गातला प्रश्न आहे. ॲप्ट तो व्यवहारात जवळजवळ नेहमी सोडवते, याचे कारण मूळ रेपॉझिटरी तयार करणाऱ्यांनी त्या अटी आधीच परस्परांशी जुळवून ठेवलेल्या असतात. उबंटूचे सुरक्षा अपडेट तर सुरक्षा विभागातील पॅकेजांवर विसंबूनच बांधले जातात, म्हणजे फक्त तोच विभाग चालू असला तरी ते बसावेत अशी योजना असते. म्हणून संघर्ष दिसला की पहिला प्रश्न विचारावा तो हा, की या यंत्रावर मूळ रेपॉझिटरीबाहेरून काय आले आहे. माझ्या अनुभवात उत्तर बहुतेक वेळा तेथेच सापडते.

या बाहेरून आलेल्या पॅकेजांचा सर्वांत परिचित घोटाळा लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) आणि तिच्या विकासासाठीचे पॅकेज यांच्यात होतो. नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेले पॅकेज आपल्या लायब्ररीची नेमकी तीच आवृत्ती मागते. तेथे ‘किमान इतकी’ अशी सवलत नसते, अगदी बरोबर तेवढीच हवी असते. समजा, कोणा पीपीएने (उबंटूसाठी एखादी व्यक्ती किंवा गट चालवतो अशा बाहेरच्या रेपॉझिटरीने) एका लायब्ररीची अधिक नवी आवृत्ती यंत्रावर बसवली, आणि पुढे तो पीपीए बंद झाला किंवा प्रणालीची मोठी आवृत्ती बदलताना तो निष्क्रिय केला गेला. लायब्ररी मात्र नव्याच आवृत्तीची राहते. मूळ रेपॉझिटरीत तिच्यासाठी सुरक्षा दुरुस्ती येते, पण ॲप्टच्या दृष्टीने ती आवृत्ती जुनी असते, म्हणून लायब्ररी हलत नाही; डेव्ह पॅकेज पुढे जाऊ पाहते, पण त्याला हवी तेवढीच आवृत्ती मिळत नाही, म्हणून तेही अडते. लॉगमध्ये ‘संबंधित पॅकेज मागे ठेवल्यामुळे किंवा स्थानिक पसंतीच्या नियमांमुळे हे पॅकेज मागे ठेवले आहे’ अशा अर्थाची एक ओळ येते, आणि दुरुस्ती बसली नाही हे कोणाच्याही लक्षात न येता दिवस जात राहतात.

यावरचा उपाय अवघड नाही. ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ या कमांडला पॅकेजाचे नाव दिले की बसवलेली आवृत्ती, पुढची संभाव्य आवृत्ती आणि प्रत्येक आवृत्ती कोणत्या उगमाकडून आली आहे, हे तिन्ही एकत्र दिसते. बसवलेल्या आवृत्तीपुढे यंत्राच्या स्वतःच्या नोंदीखेरीज दुसरा कोणताही उगम दिसला नाही, तर ती अनाथ झालेली आहे असे समजावे. मग पॅकेजाच्या नावापुढे बरोबरीचे चिन्ह आणि मूळ रेपॉझिटरीतील आवृत्ती लिहून ती मुद्दाम खाली आणावी लागते. पीपीए अजून यादीत असेल तर ‘पीपीए-पर्ज’ हे साधन त्यातील सगळी पॅकेजे एकत्र मूळ आवृत्तीवर आणते. पसंतीच्या (कोणत्या उगमाला किती प्राधान्य द्यायचे हे ठरवणाऱ्या) नियमांत १०००पेक्षा मोठा क्रमांक देऊनही ॲप्टला आवृत्ती खाली आणण्याची मुभा देता येते. परंतु ती मुभा काम संपताच काढून टाकावी, कारण ती राहिली तर पुढे नेमक्या याच जातीचे नवे संघर्ष उभे राहतात.

याच गटात दोन आर्किटेक्चरची पॅकेजे एकत्र ठेवणाऱ्या यंत्रांचा प्रश्न येतो. जुने बत्तीस बिटी प्रोग्रॅम किंवा विंडोजचे प्रोग्रॅम चालवू देणारे वाइन चालवण्यासाठी एकाच लायब्ररीच्या चौसष्ट बिटी आणि बत्तीस बिटी अशा दोन प्रती ठेवल्या जातात, आणि डीपीकेजीचा (ॲप्टच्या हाताखाली पॅकेजे प्रत्यक्ष उलगडून बसवणाऱ्या प्रोग्रॅमचा) आग्रह असतो की दोन्हींची आवृत्ती तंतोतंत एक असावी. बाहेरच्या रेपॉझिटरीने फक्त चौसष्ट बिटी प्रत पुरवली की जोडी मोडते. येथेही अनअटेंडेड-अपग्रेड्स काही मोडत नाही, ते थांबते. मात्र त्याची नोंद वाचून ‘दोन आर्किटेक्चरच्या आवृत्त्या जुळत नाहीत’ हे साध्या वापरकर्त्याला कळेल अशी मुळीच शक्यता नाही. ते ॲप्टकडून हाताने तेच पॅकेज बसवून पाहिल्यावर मिळणाऱ्या स्पष्टीकरणातून शोधावे लागते.

संघर्षाचा दुसरा प्रकार अटींमध्ये दिसतच नाही. तो फायलींमध्ये असतो. दोन पॅकेजे एकाच मार्गावर एकच फाइल ठेवू पाहतात, आणि तसे करण्याची परवानगी कोणीही ‘रिप्लेसेस’मध्ये मागितलेली नसते. ॲप्टच्या हिशेबात सगळे ठीक असते. म्हणून काम सुरू होते, आणि फायली उलगडताना डीपीकेजी ‘ही फाइल अमुक पॅकेजातही आहे’ असे सांगून थांबते. अशा वेळी अनेक ठिकाणी जबरदस्तीने फाइल ओव्हरराइट करण्याचा सल्ला दिला जातो. तो सरसकट पाळू नये. ‘डीपीकेजी -एस’ला (यातले एस मोठ्या लिपीतले, म्हणजे S) त्या फाइलचा मार्ग दिला की ती सध्या कोणाची आहे हे कळते. दोघांपैकी बाहेरून आलेले पॅकेज काढता येत असेल तर तेच करावे, आणि दोन्ही पॅकेजे मूळ रेपॉझिटरीतील असतील तर ती बांधणीतील चूक आहे, ती कळवून दुरुस्त आवृत्तीची वाट पाहणे अधिक सुरक्षित असते.

येथपर्यंत या साधनाच्या वागण्यात मला दोष दिसत नाही. दोष सुरू होतो तो यंत्रावर एखादे पॅकेज आधीपासूनच तुटलेले असते तेव्हा. हा भाग मी जरा विस्ताराने लिहितो, कारण मूक अपयशाचे हे सर्वांत धोकादायक रूप आहे.

डीपीकेजीचे काम मध्येच खंडित झाले असेल, म्हणजे वीज गेली किंवा प्रक्रिया मारली गेली, तर अनअटेंडेड-अपग्रेड्स पुढच्या वेळी स्वतःहून ते पूर्ण करण्याचा प्रयत्न करते. अर्धवट राहिलेली पॅकेजे कॉन्फिगर करते, आणि त्या वेळी वापरकर्त्याच्या जुन्या सेटिंग फायली जशाच्या तशा ठेवते. ही सोय मूळ स्थितीत चालू असते आणि ती योग्यच आहे. परंतु एखाद्याने संकेतस्थळावरून उतरवलेली डेब फाइल (एका पॅकेजाची फाइल) थेट डीपीकेजीने बसवली आणि तिला लागणारी दुसरी पॅकेजे यंत्रावर नसली, तर प्रकार वेगळा होतो. डीपीकेजी अवलंबित्वे स्वतः आणत नाही. ते पॅकेज उलगडले जाते, कॉन्फिगर होत नाही, आणि यंत्राच्या नोंदीत एक तुटलेले अवलंबित्व उरते. पुढच्या पहाटे अनअटेंडेड-अपग्रेड्स सुरू होते, ॲप्टची माहिती उघडते, तुटलेल्या पॅकेजांची संख्या शून्याहून अधिक आहे हे पाहते, ‘कॅशमध्ये तुटलेली पॅकेजे आहेत, बाहेर पडत आहे’ अशा अर्थाची ओळ लिहिते आणि खरोखरच बाहेर पडते. त्या दिवशी एकही अपडेट बसत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्या पॅकेजाचा त्या डेब फाइलशी काडीचाही संबंध नाही अशा एसएसएच सर्व्हरची किंवा ओपनएसएसएलची तातडीची दुरुस्तीसुद्धा तशीच पडून राहते.

तुटलेल्या पायावर पुढचे काही बांधू नये, हा विचार मला पटतो. अशा स्थितीत ॲप्टने सुचवलेली दुरुस्ती आपोआप स्वीकारली तर ती पॅकेजे काढून टाकू शकते, आणि मघाशी ज्या संयमाची स्तुती केली तो मोडेल. पटत नाही ते हे, की इतक्या गंभीर स्थितीची वार्ता मूळ मांडणीत लॉगमधील एका ओळीवर सोडून दिलेली आहे. उबंटूच्या डेस्कटॉपवर सूचना देणारा स्वतंत्र प्रोग्रॅम तुटलेल्या पॅकेजांचा इशारा दाखवतो, त्यामुळे तेथे निदान काहीतरी पडद्यावर येते. ज्या सर्व्हरसमोर कोणी बसलेले नसते, आणि ज्याच्यासाठी हे साधन मुख्यतः हवे असते, तेथे मात्र टायमर रोज चालतो, सेवा रोज सुरू होऊन संपते, आणि वरवर पाहणाऱ्याला सगळे व्यवस्थित चालले आहे असेच दिसते.

इलाज ई-मेलच्या पत्राचा आहे. पन्नास या अंकाने सुरू होणाऱ्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये ‘मेल’ ही ओळ असते. तिच्यात पत्ता भरावा आणि ‘मेलरिपोर्ट’ या पर्यायाला ‘केवळ चूक झाल्यास’ किंवा ‘बदल झाल्यास’ या अर्थाचे मूल्य द्यावे. त्यासाठी यंत्रावर पत्र बाहेर पाठवणारी व्यवस्था असावी लागते, आणि ती नव्या सर्व्हरवर सहसा नसते. ती लावणे शक्य नसेल तर व्हार-लॉग या मार्गाखालील अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या फोल्डरमधील मुख्य लॉगवर नजर ठेवणारी दुसरी एखादी देखरेख यंत्रणा तरी जोडावी. तिने काय शोधावे हेही सांगतो: ‘एरर’ हा शब्द, तुटलेल्या कॅशची ओळ, आणि इन्स्टॉल करणे फसले असे सांगणारी ओळ. ‘मागे ठेवले’ या ओळींवर लगेच घंटा वाजवू नये, पण तेच नाव आठवडाभर येत राहिले तर वाजवावी.

मागे ठेवलेले प्रत्येक पॅकेज हे संघर्षाचे लक्षण नसते, हेही येथेच नोंदवणे आवश्यक आहे. उबंटूमध्ये सर्वसाधारण अपडेट टप्प्याटप्प्याने वितरित होतात, म्हणजे सुरुवातीला थोड्या यंत्रांना आणि तक्रारी आल्या नाहीत तर हळूहळू सर्वांना, २१.०४ पासून ॲप्टही हे टप्पे पाळते. आपल्या यंत्राची पाळी आलेली नसेल तर पॅकेज मागे राहते, आणि ते जबरदस्तीने बसवण्याची गरज नसते. काही पॅकेजे कोणीतरी जाणीवपूर्वक रोखून धरलेली असतात. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ ही कमांड त्यांची यादी देते, आणि डेटाबेस सर्व्हरच्या बाबतीत असे रोखून धरणे समंजसपणाचेही असते. शिवाय जुनी ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ ही कमांड नवे पॅकेज बसवत नाही आणि जुने काढतही नाही, तर ‘ॲप्ट अपग्रेड’ नवे बसवते पण काढत नाही. त्यामुळे दोघींच्या उत्तरांत फरक दिसला म्हणून गोंधळून जाऊ नये.

तपासणीची सोय या साधनाने चांगली दिली आहे. ‘अनअटेंडेड-अपग्रेड’ या कमांडला ‘ड्राय-रन’ आणि ‘डीबग’ हे दोन पर्याय जोडून चालवले, की प्रत्यक्ष काही न बसवता ते प्रत्येक पॅकेजाबद्दलचा आपला विचार पडद्यावर मांडते: कोणते उगम मान्य आहेत, कोणते पॅकेज उगमामुळे वगळले, कोणते तपासणीत नापास झाले आणि का. हा मजकूर लांबलचक आणि काहीसा रुक्ष असतो, पण प्रामाणिक असतो. मी या साधनाची शिफारस करतो त्यामागे या एका सोयीचा मोठा वाटा आहे. फायलींच्या पातळीवरचा संघर्ष मात्र या सरावात दिसत नाही, कारण फायली उलगडल्याच जात नाहीत. त्यासाठी अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या लॉग फोल्डरमधील डीपीकेजीचा वेगळा लॉग आणि ॲप्टचा ‘टर्म’ नावाचा लॉग वाचावा लागतो. त्यांत शेवटच्या ओळीपेक्षा पहिली चूक शोधावी. डीपीकेजी शेवटी ‘अमुक पॅकेजांवर प्रक्रिया करताना चुका आल्या’ अशी यादी देते, आणि तीत बिचारी अवलंबून असलेली निर्दोष पॅकेजेही येतात. खरा दोषी पुष्कळ वर असतो.

पॅकेज बसवतानाची स्क्रिप्ट फसणे हाही असाच वरून संघर्षासारखा दिसणारा प्रकार आहे. नवे कर्नल (प्रणालीचा गाभा) आले, त्यासोबत डीकेएमएसने (कर्नलला जोडायची मॉड्यूले बांधणाऱ्या साधनाने) ग्राफिक्स कार्डाचे किंवा आभासी यंत्राच्या प्रोग्रॅमचे मॉड्यूल नव्याने बांधायला घेतले, ते नव्या कर्नलशी जुळले नाही, आणि कर्नलचे पॅकेज अर्धवट कॉन्फिगर होऊन राहिले, असे वारंवार घडते. येथे अटी तपासत बसण्यात अर्थ नसतो. मॉड्यूलची नवी आवृत्ती मिळवावी किंवा ते तात्पुरते काढावे, आणि मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवून राहिलेले काम पुरे करावे. बूट विभाजनात जागा संपल्यानेही कर्नल असेच अडते. वापरात नसलेली जुनी कर्नल पॅकेजे हे साधन स्वतः काढते, पण विभाजन मुळातच फार लहान ठेवले असेल तर ते पुरे पडत नाही.

सेटिंग फायलींबाबतचे वर्तन वेगळे उल्लेखण्याजोगे आहे. एखाद्या पॅकेजाची सेटिंग फाइल वापरकर्त्याने बदललेली असेल आणि नव्या आवृत्तीतही ती बदललेली असेल, तर डीपीकेजी माणसाला प्रश्न विचारते. पहाटे उत्तर द्यायला कोणी नसते. म्हणून अनअटेंडेड-अपग्रेड्स असा प्रश्न येणार आहे का हे आधीच तपासते आणि येणार असेल तर ते पॅकेज हाताने बसवावे लागेल असे नोंदवून सोडून देते. जुनी फाइल ठेवण्याचा पर्याय डीपीकेजीच्या सेटिंगमध्ये आधीच लिहून ठेवला तर ते पुढे जाते. वेब सर्व्हर किंवा एसएसएचसारख्या पॅकेजांसाठी मी हा पर्याय द्यावा असे म्हणेन, कारण सुरक्षा दुरुस्ती सहसा सेटिंगच्या स्वरूपात बदल करत नाही आणि दुरुस्ती न बसणे हा मोठा धोका असतो.

अपडेट फसल्यावर घाईने केलेले उपाय मूळ बिघाडापेक्षा अधिक नुकसान करतात. ‘लॉक मिळाला नाही, तो अनअटेंडेड-अपग्र नावाच्या प्रक्रियेकडे आहे’ असा संदेश दिसला (प्रक्रियेचे नाव पंधरा अक्षरांवर तोडले जाते, म्हणून ते असे अपुरे दिसते), तर लॉकच्या फायली पुसून टाकण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. तो पाळणे म्हणजे डीपीकेजीच्या दोन प्रक्रियांना एकाच वेळी एकाच नोंदवहीत लिहू देणे आहे. काम संपेपर्यंत थांबावे. ते खरोखर अडकले असेल तर सेवा रीतसर थांबवावी आणि नंतर ‘डीपीकेजी --ऑडिट’ने स्थिती तपासावी. त्यानंतर अर्धवट पॅकेजे कॉन्फिगर करावीत, मग ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चालवावे, आणि होकार देण्यापूर्वी काढून टाकल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी शेवटच्या नावापर्यंत वाचावी. त्या यादीत डेस्कटॉप, नेटवर्क किंवा सर्व्हरचे मुख्य पॅकेज दिसले तर नकार द्यावा आणि दोषी पॅकेज नेमके ओळखून तेवढेच हलवावे. ‘ॲप्टिट्यूड’ हे ॲप्टचे पर्यायी साधन येथे उपयोगी पडते, कारण ते एका संघर्षावर एकापाठोपाठ एक वेगवेगळे तोडगे मांडते, आणि त्याची ‘व्हाय-नॉट’ ही कमांड एखादे पॅकेज का बसत नाही याची कारणमालिका दाखवते.

पर्यायांशी तुलना करायची तर फेडोरा आणि रेड हॅट कुळातील ‘डीएनएफ-ऑटोमॅटिक’ स्वभावाने याच्या जवळचे आहे. केवळ उतरवून ठेवणे आणि बसवणे यांतील निवड तेथे अधिक सुटसुटीत आहे. खरा फरक दिसतो तो परत फिरण्याची सोय असलेल्या प्रणालींमध्ये. ओपनसूसेवर बीटीआरएफएस ही फाइल प्रणाली आणि तिच्या स्थितीच्या प्रती (स्नॅपशॉट) घेणारे स्नॅपर यांच्या जोडीमुळे अपडेटच्या आधीची आणि नंतरची स्थिती आपोआप जपली जाते. फेडोरा सिल्व्हरब्लू संपूर्ण प्रणालीची नवी प्रत तयार करते आणि ती चालली नाही तर जुनी निवडून उघडता येते, आणि अँड्रॉइडमध्ये २०१६ च्या ७.० आवृत्तीपासून दोन विभाजनांची अशीच योजना उपलब्ध आहे. अनअटेंडेड-अपग्रेड्सकडे मागे फिरण्याचा कोणताही मार्ग नाही. तो त्याचा एकट्याचा दोष नव्हे, ज्या पायावर ते उभे आहे त्याची ती मर्यादा आहे. परंतु ज्याला अपडेटनंतर बिघडलेले यंत्र काही मिनिटांत पूर्ववत हवे आहे त्याने फाइल प्रणालीच्या पातळीवर स्नॅपशॉटची सोय स्वतंत्रपणे केली पाहिजे.

एवढे सगळे लक्षात घेऊन माझी शिफारस अशी आहे. ज्या सर्व्हरवर फक्त मूळ रेपॉझिटरीतील पॅकेजे आहेत, तेथे हे साधन निःशंकपणे चालू ठेवावे, पत्राची व्यवस्था लावावी आणि आपोआप रीबूट करायचे की नाही हे ठरवावे. रीबूट मुळात बंद असते, आणि तसेच राहिले तर नवे कर्नल बसूनही यंत्र जुन्यावरच चालत राहते. ज्या यंत्रावर बाहेरच्या तीन-चार रेपॉझिटऱ्या जोडलेल्या आहेत, तेथे आधी त्यांतल्या किती खरोखर लागतात हे पाहावे आणि उरलेल्यांसाठी पसंतीचे नियम असे लिहावेत की त्यांच्याकडून ठरावीक पॅकेजेच येतील, सामायिक लायब्ररी येणार नाहीत. डेटाबेससारखी पॅकेजे वगळण्याच्या यादीत घालताना ही यादी रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना) म्हणून वाचली जाते हे विसरू नये, अन्यथा एका छोट्या नावामुळे त्या नावाने सुरू होणारी भलतीच पॅकेजेही वगळली जातात. आणि डेब फाइल उतरवून बसवायचीच असेल तर ती डीपीकेजीऐवजी ॲप्टला द्यावी. फाइलच्या नावाआधी तिचा मार्ग दिला की ॲप्ट अवलंबित्वे स्वतः आणते, आणि आणता येत नसतील तर फाइल बसवण्याआधीच नकार देते.

विकसकांकडून माझी अपेक्षा एकच आहे. उबंटूच्या सर्व्हरवर लॉगइन करताना रीबूट आवश्यक असल्याचा संदेश आजही ठळकपणे दिसतो, म्हणजे माणसाला गाठण्याची जागा तयारच आहे. तुटलेल्या पॅकेजामुळे सुरक्षा अपडेट थांबलेले असतील तर ते किती दिवसांपासून थांबलेले आहेत आणि कोणत्या पॅकेजामुळे, एवढे दोन तपशील त्याच जागी, पत्राची कोणतीही मांडणी न करता दिसावेत.